काय करू लालीस? : माझी स्टँड-अपची शिकवणी

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. मराठी विभागाचा संपादक माझ्याच वर्गात आहे. "तू कार्यशाळेला गेली होतीस ना, मग दोन पानं लिहून दे," असं त्याने तीन वेळा सांगितलं आणि चौथ्यांदा थेट मेसच्या रांगेत गाठलं. म्हणून हा प्रपंच!

तर झालं असं, की गॅदरिंगच्या पंधरा दिवस आधी नोटीस बोर्डावर एक कागद लागला. 'स्टँड-अप कॉमेडी कार्यशाळा. शनिवार-रविवार. सेमिनार हॉल. फी नाही.' शेवटचे दोन शब्द वाचून आम्ही बावीस जण जमलो. शिकवायला आलेले सर मराठवाड्यातलेच होते, नाटकातले. आम्हाला वाटलं आता धमाल, दोन दिवस नुसते जोक! पण सरांनी आल्या आल्या पहिलं वाक्य टाकलं, "आज संध्याकाळपर्यंत कुणीही जोक सांगायचा नाही."

झालं! अर्ध्या जणांचे चेहरे एम-३ चा पेपर हातात पडल्यासारखे.

स्टँड-अप म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे हसवणं म्हणजे तीन गोष्टी असा समज आहे. एक, पाठ केलेले चुटके. दोन, मिमिक्री. तीन, एकपात्री. सरांनी आधी हा गुंता सोडवला.

चुटका कुणाचाही असतो. तो मी सांगितला काय, तुम्ही सांगितला काय, फरक पडत नाही. मिमिक्रीत आवाज दुसऱ्याचा असतो. एकपात्रीत एकच नट अनेक पात्रं होतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मराठवाड्याचं, डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. देशपांडे सर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवायचे. खेड्यातलं वऱ्हाड लग्नाला थेट लंडनला निघतं, आणि त्यातली पन्नासहून जास्त माणसं हा एकटा माणूस उभी करायचा, तीही आपल्या बोलीत. २००९ साली ते गेले. नंतर बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे संदीप पाठक तो प्रयोग करू लागले. त्याआधी पु. ल. देशपांड्यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर आणली होती, तेव्हा आख्खी चाळ एका माणसात मावली होती.

स्टँड-अपमध्ये मात्र पात्र एकच, ते म्हणजे 'मी'. वेश नाही, नेपथ्य नाही. एक माईक, एक माणूस आणि त्याच्याच आयुष्यातली गोष्ट. हा प्रकार नाव घेऊन आपल्याकडे अलीकडे आला. २००५ मध्ये टीव्हीवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' सुरू झालं आणि विदर्भातला सुनील पाल त्याचा पहिला विजेता ठरला, तेव्हा घरोघरी 'कॉमेडियन' हा शब्द पोचला. २०१६ मध्ये 'भाडिपा' सुरू झालं आणि मग मराठीतून स्टँड-अप मोबाइलवर दिसायला लागलं.

पण नाव नवीन असलं तरी गोष्ट नवीन नाही, असं सर म्हणाले. तमाशातला सोंगाड्या काय करतो? बतावणीत गावच्या पाटलाला चार लोकांसमोर चिमटे काढतो. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडातून लोकांना हसवत हसवत शहाणं केलं, त्याला चारशेहून जास्त वर्षं झाली. आणि स्टँड-अपच्या सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे राम नगरकर. 'रामनगरी' मध्ये त्यांनी दुसऱ्या कुणाची नाही, स्वतःची गोष्ट सांगितली. न्हाव्याच्या घरातलं बालपण, गरिबी, फजिती, सगळं. लोक पोट धरून हसायचे. पुढे १९८२ मध्ये त्यावर हिंदी सिनेमाही आला.

मी यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. माझा 'रामनगरी' शी संबंध एवढाच, की मी त्या दिवशी हे नाव रोमन लिपीत लिहून घेतलं!

जोकचं डिसेक्शन

मग सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी.'

"यात हसू कुठे आहे, सांगा."

बऱ्याच उत्तरांनंतर जे निघालं ते असं. 'जगात जर्मनी' हा झाला सेटअप. म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात एक अपेक्षा तयार करायची. जर्मनी म्हटल्यावर डोकं मोठमोठ्या कारखान्यांकडे जातं, मग 'भारतात…' म्हटल्यावर ते आपोआप मुंबई-दिल्ली शोधायला लागतं. आणि तिथे येतं परभणी! हा पंच. अपेक्षा एका रुळावर आणि गाडी दुसऱ्या रुळावर. वर यमक इतकं पक्कं, की वाद घालायला जागाच नाही. आणि पंचचा शब्द अगदी शेवटी. 'भारतात परभणी, जगात जर्मनी' असं उलटं म्हणून बघा, हवा गेलेल्या टायरसारखं वाटतं. नियम एक : ज्या शब्दावर हसू येणार तो वाक्याच्या शेवटी ठेवा.

नियम दोन, तीनचा नियम. यादीत दोन गोष्टी सरळ आणि तिसरी वाकडी. सरांचं उदाहरण : "हॉस्टेलवर येताना आईने तीन गोष्टी दिल्या. चिवडा, लाडू आणि शेजारच्यांच्या मुलीचे मार्क." दोन गोष्टींनी पॅटर्न तयार होतो, तिसरी तो मोडते. एकीने पॅटर्न होत नाही आणि पाच झाल्या की लोक कंटाळतात.

नियम तीन, टॅग. एका सेटअपवर एकच पंच मारून निघून जायचं नाही. त्याच जागी दुसरा, जमला तर तिसरा. सेटअपला वेळ खर्च झालेला असतो, तो वसूल करायचा.

नियम चार, कॉलबॅक. सुरुवातीला आलेली गोष्ट शेवटी अचानक परत आणायची. लोकांना वाटतं, अरे, हे तर आपल्याला माहीत आहे! ओळखीच्या माणसाला अनोळखी गावात भेटल्यावर जसा आनंद होतो, तसा.

सर पुढे म्हणाले, "आता दुसरी म्हण सांगा परभणीवरची." सगळे एका सुरात ओरडले, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" कुठेच काही जमलं नाही तर परभणी आहेच. मी जरा जास्तच जोरात ओरडले, कारण ती माझीच गोष्ट होती. कॅप राउंडमध्ये पुणे गेलं, छत्रपती संभाजीनगर गेलं आणि तिसऱ्या राउंडला स्क्रीनवर परभणी जिल्हा उगवला.

सर म्हणाले, "गाव एकच. पहिली म्हण आपण छाती फुगवून सांगतो. दुसरी आपण सांगितली तर हसतो, पण बाहेरच्याने सांगितली तर?"

हॉलमध्ये कुणीच काही बोललं नाही. मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले. तिथेच चुकले.

यादी आणि फजिती

दुपारी सरांनी एकेक कोरा कागद दिला. दहा गोष्टी लिहायच्या : कशाचा राग येतो, कशाची लाज वाटते, कशाची भीती वाटते. विनोदी काही लिहायचं नाही. सरांचं म्हणणं असं, की विनोद शोधायला गेलात तर चुटकेच सापडतात. तक्रार शोधा, त्यात विनोद सापडतो. "मेसची डाळ पातळ आहे" हा विषय झाला. पण "मला डाळ पातळ आहे हे म्हणायची भीती वाटते, कारण काकू माझ्याकडे बघून अजून पाणी घालतील" हा झाला तुमचा विषय. यात तुम्ही आहात.

माझी यादी नऊवर अडली. खरं तर दहावी गोष्ट मला माहीत होती : मला मराठीत बोलायची लाज वाटते. इंग्लिशमध्ये मी शाळेच्या डिबेटला बक्षिसं घेतलीत. मराठीत दोन वाक्यांनंतर माझी गाडी सिग्नलला थांबते. पण हे कोण लिहिणार? मी दहाव्या जागी लिहिलं, 'रूममेटची भाषा'.

माझी रूममेट सोनपेठ तालुक्यातली. तिच्या बोलण्यात 'काय करू लालीस', 'कुठं जाऊ लालीस' असं सारखं येतं. आपल्या भागात हे सगळेच बोलतात, पण मला नवीन होतं. संध्याकाळी प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझी रूममेट मेकअप अजिबात करत नाही. पण प्रत्येक वाक्याला लाली लावते. काय करू लालीस, कुठं जाऊ लालीस, काय खाऊ लालीस…"

हॉल हसला. अगदी दणकून! मग मी तिच्या आवाजात आणखी चार वाक्यं मारली. प्रत्येक वाक्याला हशा. मला तर वाटलं, इंजिनिअरिंग सोडून द्यावं.

रूममेट तिसऱ्या रांगेत बसली होती, माझ्यासाठीच आली होती. तीही हसत होती. मग काही मुलं मागे वळून तिच्याकडे बघायला लागली. ती पाण्याची बाटली घेऊन उठली, भरायला चालल्यासारखी. परत आली नाही.

रात्री रूमवर ती ट्यूटोरियल सोडवत होती. मी "सॉरी" म्हटलं. इंग्लिशमध्ये, सवयीने.

ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "मला बी हसू आलं ना. जोक चांगलाच व्हता. पण मग सगळे माझ्याकडं पाहू लाले." थोड्या वेळाने पेन खाली ठेवून म्हणाली, "एक सांग, तू 'करतेय' म्हणतीस. ते काय असतंय?"

"करते आहे."

"मग त्यातला 'आहे' कुठं गेला? तू खाल्लास. आमी 'करू लागले' मधला 'ग' खाल्ला. दोघी बी खाणाऱ्याच. फक्त तुझं खाणं पुस्तकात हाय अन् माझं मेसमधलं."

मला त्या रात्री झोप लागली नाही. एक तर लाज वाटत होती, आणि दुसरं म्हणजे तिचा जोक माझ्यापेक्षा चांगला होता.

मूर्ख कोण?

रविवारी सकाळी मी सरांना सगळं सांगितलं. वाटलं, आता लेक्चर मिळणार. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "तुझ्या जोकमध्ये मूर्ख कोण आहे?"

मी म्हटलं, "ती."

"खरं काय घडलं होतं? तुला ती भाषा कळत नव्हती, की तिला?"

हा प्रश्न मी आता प्रत्येक जोकला विचारते. प्रत्येक जोकमध्ये कुणीतरी मूर्ख असतो. तो कोण, हे आपण ठरवतो. जॉनी लिव्हर यांचं नाव 'लिव्हर' का? ते हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामाला होते आणि तिथे साहेब लोकांची नक्कल करायचे. कामगार साहेबाची नक्कल करतो तेव्हा सगळा कारखाना हसतो. साहेब कामगाराची नक्कल करायला लागला तर? लोक तेव्हाही हसतील, पण ते हसू वेगळं असतं. मी आदल्या दिवशी साहेब झाले होते.

सरांनी मला तोच प्रसंग परत लिहायला लावला, पण जसा घडला तसा. तो असा : हॉस्टेलवरची माझी पहिली रात्र. मी मेसच्या दारात ताट घेऊन उभी. मेसच्या काकूंनी विचारलं, "काय करू लालीस गं?" आणि मी ओठांना हात लावून म्हणाले, "लाली नाही काकू, लिप बाम आहे."

शब्द तेच. 'लाली' तीच. पण आता मूर्ख मी होते. आणि हे खरंच घडलं होतं! इतके दिवस मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, कारण लाज वाटत होती. यादीतली दहावी जागा अशी भरली.

बाकीचं टेक्निकल

दुसरा दिवस सगळा प्रॅक्टिकलचा. थोडक्यात देते, कामाला येईल.

थांबणं : पंचच्या आधी अर्धा सेकंद थांबा आणि पंचनंतर हसू ओसरू लागेपर्यंत गप्प राहा. नवीन माणूस हशावरच पुढचं वाक्य बोलतो आणि दोन्ही वाया जातात. मला शांततेची इतकी भीती वाटायची, की माझी पाच मिनिटं साडेतीन मिनिटांत संपायची.

माईक : स्टँडवरून माईक काढला की स्टँड बाजूला ठेवा, नाहीतर तुम्ही दांड्याआड लपल्यासारखे दिसता. माईक हनुवटीजवळ, आणि स्पीकरकडे तोंड करू नका. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना कारण माहीत आहे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा परत स्पीकरमध्ये, आणि मग ती कानात जाणारी शिट्टी.

खुर्च्या : हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी धडा. आम्ही बावीस जण दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये विखरून बसलो होतो. सरांनी सगळ्यांना पुढच्या तीन रांगांत आणलं. तेच जोक, दुप्पट हसू. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्यावर बरंच संशोधन केलं. त्यांना आढळलं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. म्हणजे हसू हे निम्मं जोकचं आणि निम्मं शेजारच्याचं. गॅदरिंगला मागच्या बाकांवर बसणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं!

फीडबॅक : आपल्या भाषेत सांगायचं तर पाठांतर म्हणजे ओपन लूप आणि स्टँड-अप म्हणजे क्लोज्ड लूप. आउटपुट बघून इनपुट बदलायचं. म्हणून प्रत्येक वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं फार त्रासदायक असतं. तरी ऐका. जिथे हसू आलं तिथे बरोबरची खूण, जिथे नाही ते वाक्य काढून टाका. आपलं कितीही लाडकं असलं तरी.

परवानगी : हा नियम सरांचा नाही, माझा. ज्याच्यावर जोक आहे तो समोर बसलेला आहे असं समजून लिहा. आणि खरंच ओळखीचा असेल तर आधी विचारा.

गॅदरिंगची रात्र

मी रूममेटला विचारलं, "तुझं ते 'खाणाऱ्या' वालं वापरू का?" ती म्हणाली, "वापर. पण माझं हाय म्हणून सांग."

गॅदरिंगला आठ जण बोललो. सगळे गाजले असं अजिबात नाही. एकाला मधेच सगळं विसरायला झालं. एकाचे जोक मोबाइलवरचेच निघाले, लोक त्याच्याआधी पंच बोलायला लागले. माझीही सुरुवात पडली. एम-३ वरचा जोक होता, कुणी हूं की चूं नाही. घसा कोरडा पडला. मग मी म्हणाले, "आमच्या शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड होता. म्हणून मी मराठी जपून वापरते. महाग पडते." पहिलं हसू आलं. मग लिप बाम आला. मेसच्या काकू दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग मी सांगितलं, "आता पुढचं वाक्य माझं नाही, माझ्या रूममेटचं आहे," आणि 'दोघी बी खाणाऱ्याच' म्हटलं.

रेकॉर्डिंग आम्ही दोघींनी रूमवर बसून ऐकलं. पाच मिनिटं वीस सेकंद. नऊ वेळा हसू. सगळ्यात लांब हसू तिच्या वाक्याला, सहा सेकंद. तिने ते तीनदा परत लावलं आणि म्हणाली, "पुढच्या बारीला मीच उभी राहते. तुला दोन रुपये देते, तू गप बस."

हसवायला शिकायला गेले आणि मराठी शिकून आले, असं आमचं झालं. स्टँड-अप येतं का मला? नाही अजून. पाच मिनिटं येतात, तीही कशीबशी. पण कुणाला सुरुवात करायची असेल तर मोठं काही लागत नाही. एक वही, दहा तक्रारी, एक मोबाइल आणि जवळजवळ बसणारे दहा मित्र. दर शुक्रवारी रात्री जेवण झालं की आम्ही मेसमध्येच जमतो. टेबल बाजूला सरकवतो आणि पळीचा माईक करतो. प्रत्येकाला पाच मिनिटं. चौथं मिनिट संपलं की काकू ताटावर चमचा वाजवतात, म्हणजे एक मिनिट उरलं.

स्टाफपैकी कुणी आलं तरी चालेल. तुमच्यावरचे जोक आम्ही आधी विचारूनच करू!

या शुक्रवारी काय करू लालात?